मारुती ८०० चं हेड गॅस्केट घरीच बदलायचं आहे: २ आणि ३ नंबरला कॉम्प्रेशन कमी

घाटरस्ता:

गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्बुरेटरवाली, चार गिअरची. घाट चढताना काटा लाल पट्ट्यात गेला, रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. थंड करून, पाणी भरून घरी आणली. तेव्हापासून आयडलिंगला इंजिन थरथरतं, चढावर गाडी ओढत नाही आणि रोज सकाळी रेडिएटरमध्ये अर्धा लीटर तरी पाणी घालावं लागतं. कॉम्प्रेशन मोजलं, सगळे प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून: १ नंबर १७०, २ नंबर ९५, ३ नंबर ९० पीएसआय. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे, पण ऑइल भरायच्या झाकणाला आतून पिवळट साय धरली आहे.

हे हेड गॅस्केटच (ब्लॉक आणि हेडच्या मधलं पॅकिंग) गेलं असं समजायचं का? इंजिन न उतरवता अंगणात हे काम होईल का? हेडला फेस मारून (खालची बाजू मशीनवर सपाट करून) घ्यावाच लागतो का, आणि कोणते पार्ट आधी आणून ठेवावेत? पाने, गोट्या (सॉकेट), जॅक, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आहे. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरावर क्लिक करणारा) नाही.

पाना१४:

शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले आणि दोघांचा आकडा जवळजवळ सारखा आला, तर दोघांमधल्या पट्टीवर गॅस्केट जळालेलं असतं. एकाचा दाब दुसऱ्यात जातो म्हणून दोघेही सारखेच बसतात. तरी खोलण्याआधी एक खात्री करा: २ आणि ३ नंबरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका आणि पुन्हा मोजा. आकडा एकदम वर गेला तर दोष रिंगांचा. जागचा हलला नाही तर गॅस्केट किंवा व्हॉल्व्ह.

झाकणावरच्या सायीवरून काही ठरवू नका. पावसाळ्यात आणि रोज दोन-चार किलोमीटरच गाडी फिरत असेल तर दमट हवेनेही ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइल चहासारखं झालं, तर पाणी खाली उतरलं.

पाणी कुठे जातं हे मात्र वेगळं बघायला हवं. थंड इंजिनवर फॅन बेल्ट काढा म्हणजे पाण्याचा पंप फिरणार नाही. रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा आणि अर्धा मिनिट पाण्याकडे बघा. एक्सिलरेटर दाबला की एकामागून एक बुडबुडे वर येत असतील तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतो आहे. मिनिटभराच्या वर चालवू नका, पंप बंद आहे. पंप फिरत असताना ही परीक्षा फसते, कारण साठलेली हवाही बुडबुड्यांनीच बाहेर येते.

बुडबुडे नसतील आणि तरी पाणी कमी होत असेल तर इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर संशय घ्या. या इंजिनात मॅनिफोल्ड गरम ठेवायला त्यातूनही पाणी फिरतं. ते गॅस्केट फुटलं की पाणी थेट सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, अगदी हेड गॅस्केट गेल्यासारखा. तुमचे कॉम्प्रेशनचे आकडे पाहता हेड तर काढावंच लागेल, पण मॅनिफोल्डचं गॅस्केट नवीन आणायला विसरू नका.

इंजिन उतरवायची गरज नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ॲल्युमिनियमचं हेड, बॉनेटखाली जागा भरपूर, हेड एकटा माणूस उचलतो. फक्त दोन दिवसांत बसवून चालवायची घाई नको. शनिवारी खोला, हेड मोजा, गरज असेल तर सोमवारी लेथवाल्याकडे द्या आणि पुढच्या शनिवारी बसवा.

आणून ठेवायचं सामान: हेड गॅस्केट, इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट, व्हॉल्व्ह कव्हरचं रबर, सहा व्हॉल्व्ह सील, टायमिंग बेल्ट, थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट, रेडिएटरचं झाकण, वरचा-खालचा होज (दाबल्यावर करकरत असेल तर), ऑइल फिल्टर, ऑइल आणि कूलंट. गॅस्केट ‘टॉप ओव्हरहॉल किट’ म्हणून एकत्र मिळतं. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला या गाडीचं सामान अजून सहज मिळतं. जुनं गॅस्केट सोबत न्या आणि पाण्याची-ऑइलची भोकं एकावर एक धरून जुळवूनच घ्या. कार्बुरेटरवालं सहा व्हॉल्व्हचं इंजिन आणि नंतरचं बारा व्हॉल्व्हचं इंजिन, दोन्हीचं गॅस्केट वेगळं आहे. दुकानात नुसतं ‘८०० चं द्या’ म्हणू नका.

टॉर्क पाना विकत घ्या नाहीतर भाड्याने आणा. तो नसेल तर हे काम हाती घेऊ नका.

सरळकाठी:

खोलण्याचा क्रम लिहितो.

इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी. गरम इंजिनवर हेड बोल्ट सोडले तर ॲल्युमिनियमचं हेड तिथेच वाकतं. आदल्या रात्री एक्झॉस्टच्या नटांवर गंज सुटायचा स्प्रे मारून ठेवा. त्यातला एखादा स्टड तुटला की अख्खा दिवस तिथेच जातो.

बॅटरीचं निगेटिव्ह काढा. कूलंट बादलीत काढा आणि बादली झाका. ते गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. पेट्रोलचे पाइप काढून त्यांत बोल्ट खोचा. कार्बुरेटरच्या प्रत्येक व्हॅक्यूम नळीला चिकटपट्टी लावून आकडा लिहा आणि मोबाईलवर चार बाजूंनी फोटो काढा. जोडताना सगळ्यात जास्त घोळ या नळ्यांचाच होतो.

मग १ नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या टोकाला) आणा. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा आणि रोटरचं तोंड कुठे आहे त्याची खूण अंगावर खडूने करा. फॅन बेल्ट, पुली, टायमिंग कव्हर काढलं की कॅमच्या आणि क्रँकच्या दातेरी पुलीवरच्या खुणा दिसतात. कंपनीच्या खुणा तेलकट मळीत लपतात, म्हणून पांढऱ्या रंगाने त्यांच्यावर आणि समोरच्या अंगावर आपलीही रेघ मारून ठेवा. टेंशनर सैल करून बेल्ट काढा. बेल्ट निघाल्यावर कॅम किंवा क्रँक उगाच फिरवू नका.

हेडचे आठ बोल्ट. सोडताना बाहेरच्यांपासून आत, आडवे-तिरपे, आणि एका दमात नाही: पहिल्या फेरीत प्रत्येकी पाव फेरा, दुसऱ्या फेरीत अर्धा, मग मोकळे. गोटी सहा कोनी वापरा, बारा कोनी गोटी जुन्या बोल्टचे कोपरे खाते.

बोल्ट निघूनही हेड सुटणार नाही. दोन डॉवेल (जागा धरणाऱ्या पिना) आणि जुनं गॅस्केट त्याला धरून असतं. इथे स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटायचा मोह होतो. तसं केलं तर ॲल्युमिनियमवर चरा पडेल आणि नवं गॅस्केट त्याच चऱ्यातून गळेल. लाकडाचा ठोकळा मॅनिफोल्डच्या जाड भागावर धरून हातोडीने ठोका, दोन्ही टोकांकडून आळीपाळीने. हलायला लागलं की सरळ वर उचला.

आता पुसापुशी करण्याआधी थांबा आणि जे समोर आहे ते वाचा. २ आणि ३ च्या मधली गॅस्केटची पट्टी बघा. पत्र्याची कडी तिथे तुटलेली असेल आणि काजळीची काळी रेघ एका भोकातून दुसऱ्यात गेलेली दिसेल. त्याच जागी हेडवर आणि ब्लॉकवरही तशीच रेघ उमटलेली असते. तिच्यावरून बोट फिरवा. नख अडकलं तर तिथे धातूच खाल्ला गेला आहे आणि फेस मारण्याला पर्याय नाही. पिस्टनची डोकीही बघा. सगळे काजळीने काळे आणि एक धुतल्यासारखा लखलखीत असेल, तर पाणी त्याच सिलिंडरमध्ये जात होतं. वाफेने काजळी सुटते. या सगळ्याचे फोटो ठेवा.

साफ करताना हेडवर प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टीच. ब्लॉक बिडाचा आहे, तिथे ब्लेड आडवं धरून चालेल. ड्रिलला लावायची घासणीची चकती दोन्हीकडे वापरू नका. तिची भुकटी ऑइलच्या वाटांत शिरते आणि बेअरिंग खाते. सिलिंडरांत आणि पाण्याच्या भोकांत स्वच्छ फडकी कोंबून मगच खरवडा. ब्लॉकच्या माथ्यावर हेडकडे ऑइल नेणारं छिद्र असतं, ते गॅस्केटच्या कपच्यांनी बुजलं की कॅम कोरडा पडतो. ते वाऱ्याने साफ करा.

फेस मारायचा की नाही हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. चांगली सरळ पट्टी हवी, इंजिनिअरची. शाळेतली स्टीलची फूटपट्टी चालत नाही. हेड उलटं ठेवून पट्टी सहा दिशांनी ठेवा: दोन्ही लांब बाजू, दोन्ही आखूड बाजू, दोन कर्ण. पट्टीखाली ०.०५ मिमीचं फीलर कुठेही सरकता कामा नये. तेवढीच मर्यादा आहे. ब्लॉकचा माथाही तसाच मोजा. तो लोक विसरतात.

कॅम हाताने फिरवून बघा हेही तितकंच महत्त्वाचं. हेड तापून वाकतं तेव्हा फक्त खालचा फेस वाकत नाही, कॅम ज्या भोकांत फिरतो त्यांची ओळही वाकते. लेथवाला खालची बाजू सपाट करून देईल, वरची वाकलेलीच राहील. रॉकरचे सगळे स्क्रू सैल केल्यावर कॅम दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे. एका जागी जड आणि एका जागी हलका लागत असेल तर त्या हेडवर पैसे घालू नका, जुन्या बाजारातलं दुसरं बघा आणि तेही असंच तपासून घ्या.

हेड बाहेर आहे तोवर व्हॉल्व्हही बघून घ्या. प्लग लावून हेड उलटं ठेवा, प्रत्येक चेंबरमध्ये रॉकेल भरा. दहा मिनिटांत मॅनिफोल्डच्या भोकांतून झिरपलं तर तो व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने घासून बसवावा लागेल.

घाटरस्ता:

बुडबुड्यांची परीक्षा केली, एक्सिलरेटर दिल्यावर स्पष्ट बुडबुडे. ऑइल टाकून पुन्हा मोजलं, २ नंबर १००, ३ नंबर ९५. म्हणजे गॅस्केटच.

आणखी तीन शंका. हेड बोल्ट नवे घ्यायचे की जुनेच चालतात? गॅस्केटला सिलिकॉन किंवा शेलॅक लावायचं का? गॅरेजवाले लावतात. आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, हे खरं का?

पाना१४:

बोल्ट जुने चालतात. ते ठरावीक टॉर्कवर आवळायचे आहेत, अंशांत फिरवून ताणायचे नाहीत. ज्या नव्या गाड्यांत ‘इतका टॉर्क, मग अमुक अंश’ असं असतं तिथे बोल्ट एकदाच वापरायचे. तरी आठही बोल्ट टेबलावर शेजारी उभे करा. एखादा उंच दिसला किंवा आटे मध्येच बारीक झालेले दिसले तर तो ताणला गेला आहे, टाकून द्या. आटे तारेच्या ब्रशने साफ करा. एक चांगला नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे.

हेड गॅस्केटला काहीही लावायचं नाही. ना सिलिकॉन, ना शेलॅक, ना ग्रीस. गॅस्केटला स्वतःचा थर असतो. वरून लावलेलं सिलिकॉन दाबाखाली आत पिळून निघतं आणि त्याचे तुकडे पाण्याच्या किंवा ऑइलच्या वाटेत जाऊन बसतात. सिलिकॉन फक्त व्हॉल्व्ह कव्हरच्या रबराच्या कोपऱ्यांना आणि डिस्ट्रिब्युटरच्या गिअर केसच्या सांध्याला, तेही पातळ रेघ.

ब्लॉकमधली बोल्टची भोकं खालून बंद असतात. हेड उचलताना त्यांत पाणी आणि ऑइल उतरतं. तसंच ठेवून बोल्ट आवळला तर द्रव दबत नाही, पाना क्लिक करतो, तुम्हाला वाटतं टॉर्क झाला, पण हेड दाबलं गेलेलंच नसतं. जास्त जोर दिला तर ब्लॉकला चीर जाते. जुनं सलाइनचं इंजेक्शन किंवा काठीला गुंडाळलेलं फडकं घालून प्रत्येक भोक कोरडं करा, वर हवा मारा. बसवताना बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली ऑइलचं बोट फिरवा, त्याहून जास्त नाही.

गॅस्केट ठेवताना त्यावरचं ‘टॉप’ लिहिलेलं वर, आणि ते अक्षर पुलीच्या बाजूला. उलटं बसलं तर ऑइलचं भोक बंद होतं. हेड डॉवेलवर सरळ उतरवा, गॅस्केटवर घासत सरकवू नका.

आवळायचा क्रम असा: पुलीकडून गिअरबॉक्सकडे बोल्टच्या चार जोड्या मोजा. आधी मधल्या दोन जोड्यांतले चार बोल्ट तिरपे-तिरपे, मग टोकाच्या दोन जोड्यांतले चार तिरपे-तिरपे. पहिली फेरी २० न्यूटन मीटर, दुसरी ४०, तिसरी ५५ ते ६०. मग त्याच आकड्यावर आणखी एक फेरी नुसती तपासायला. पाना सावकाश आणि एका दमात ओढा, झटका देऊन क्लिक करू नका.

एकक बघून घ्या. जुन्या कागदांत हाच आकडा ५.५ ते ६ केजी-मीटर असा असतो. काही पान्यांवर फूट-पाउंडची पट्टी वर आणि न्यूटन मीटरची खाली असते. फूट-पाउंडच्या पट्टीवर ६० लावलं तर ८१ न्यूटन मीटर पडतात आणि बोल्ट ब्लॉकमध्येच तुटतो.

बेल्ट चढवताना एक गोष्ट बहुतेक जण टाळतात: रॉकरचे सहाही ॲडजस्टिंग स्क्रू आधी पूर्ण सैल करा. कॅम मोकळा असेल तरच टेंशनरची स्प्रिंग बेल्टला बरोबर ताण देते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांनी कॅम अडवून धरला असेल तर बेल्टची एक बाजू ढिली राहते आणि पहिल्याच धक्क्याला दात सुटतो. सगळ्या खुणा जुळवा, बेल्ट चढवा, टेंशनर मोकळाच ठेवून क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवा, घड्याळाच्या दिशेने, आणि मग टेंशनरचा बोल्ट आवळा. पुन्हा दोन फेरे, पुन्हा खुणा बघा. मध्ये कुठे कडक लागलं तर जोर लावू नका, खुणा चुकल्या आहेत.

टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधली) थंड इंजिनवर ०.१५ मिमी. चार सिलिंडरची सवय असलेले इथे चुकतात. या इंजिनाचा क्रम १-३-२ आहे आणि दोन ठिणग्यांमध्ये क्रँक २४० अंश फिरतो, म्हणजे दोन तृतीयांश फेरा. अर्धा फेरा फिरवून पुढचा सिलिंडर धराल तर तो टीडीसीवर नसतानाच टॅपेट सेट होईल. सोपी पद्धत: डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडं ठेवा. रोटर ज्या सिलिंडरच्या तोंडाशी आला त्याचे दोन्ही टॅपेट सेट करा, मग पुढच्या तोंडापर्यंत फिरवा. गेज ओढताना लोण्यातून सुरी निघावी इतकाच अडखळला पाहिजे.

डिस्ट्रिब्युटरचा गिअर केस काढला असेल तर बसवल्यावर त्यात पन्नास-साठ मिली इंजिन ऑइल ओता. पहिल्या सेकंदांत ते गिअर कोरडे फिरू नयेत.

थंडपाणी:

बोल्ट पुन्हा आवळण्याबद्दल. गॅस्केटच्या पाकिटातला कागद काय म्हणतो ते आधी वाचा. ‘पुन्हा आवळू नये’ लिहिलं असेल तर हात लावू नका. जुन्या पद्धतीचं, पत्र्याच्या दोन्ही बाजूंना मऊ थर असलेलं गॅस्केट पहिल्या तापण्यात थोडं बसतं, आणि तसं असेल तर एकदा आवळणं फायद्याचं. पण तेही रात्रभर थंड झाल्यावर. ॲल्युमिनियम तापून बोल्टच्या लोखंडापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे गरम इंजिनवर पाना लवकर क्लिक करतो आणि आवळल्याचं नुसतं समाधान मिळतं. एका वेळी एकच बोल्ट, त्याच क्रमाने, पाव फेरा सोडून परत ६० वर. सगळे एकदम सैल करायचे नाहीत. आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा तपासावेच लागतात, कारण हेड खाली बसलं की त्यांची फट बदलते.

मला मात्र जास्त काळजी पंख्याची वाटते. गॅस्केट आपणहून गेलं नाही, पंखा बंद पडला म्हणून गेलं. ते कारण तसंच ठेवून हेड बसवलं तर पुढच्या घाटात हेच होईल. आधी फ्यूज आणि त्याचे गंजलेले क्लिप बघा. मग पंख्याच्या मोटरला थेट बॅटरीवरून तारा लावा. फिरला तर मोटर ठीक, दोष तापमानाच्या स्विचचा किंवा रिलेचा. फिरला नाही, किंवा हाताने ढकलल्यावरच फिरला, तर मोटरचे कार्बन ब्रश संपले. हे सगळं हेड खोलण्याआधीच्या तासाभराचं काम.

थर्मोस्टॅट नवा असला तरी तपासून बसवा. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर. ८२ अंशांच्या आसपास तोंड उघडायला सुरुवात झाली पाहिजे, पाणी उकळायच्या आधी पूर्ण. थर्मोस्टॅट काढूनच टाका असा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. तो ऐकू नका. इंजिन कधी पुरेसं तापत नाही, चोक मागत राहतं, पेट्रोल जास्त खातं आणि ऑइलमध्ये ओल साठते.

रेडिएटरचं झाकण ०.९ केजी दाबाचं. त्याचं रबर चपटं झालं असेल तर दाब धरत नाही आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलं असेल तर नळ्यांत पांढरा क्षार साचतो. इंजिन गरम असताना, पण बंद करून, रेडिएटरवरून हात फिरवा. मधला एखादा पट्टा थंड लागला तर तिथून पाणीच जात नाही. रेडिएटरवाल्याकडे देऊन तो खोलून साफ करून घ्या. पाण्याच्या पंपाखालच्या बारीक भोकातून ओघळ आलेला दिसला तर पंपही आताच बदला, नंतर पुन्हा हे सगळं खोलायचं कष्ट वाचतील.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. इथे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट लागत नाही हा गैरसमज आहे. ते उकळण्याचा बिंदू वाढवतं आणि ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवतं. चार लीटर तयार मिश्रण पुरतं. गाडीचं तोंड चढावर करा, हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा, सावकाश ओता आणि वरचा होज हाताने पिळत राहा. हवेचा फुगा हेडमध्ये अडकला तर काटा थंड दाखवतो आणि हेड आत भाजतं.

सुरू करण्याआधी कॉइलची वायर काढून सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग वायर लावून सुरू करा. पहिली दहा-पंधरा मिनिटं सायलेन्सरमधून पांढरा धूर येईल. जुन्या गळतीचं पाणी सायलेन्सरमध्ये साठलेलं असतं, घाबरू नका. त्यानंतरही थांबला नाही तर घाबरा. झाकण उघडं ठेवून पंखा दोनदा लागेपर्यंत चालवा, पाणी खाली गेलं की भरत राहा, मग झाकण लावा. रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी पातळी बघा. ऑइल आणि फिल्टर २००-३०० किलोमीटरवर एकदा टाकून द्या. ऑइलमध्ये थोडंसुद्धा कूलंट मिसळलं असेल तर ते क्रँकच्या बेअरिंगांना वाईट असतं.

काळीपिवळी:

याच धाग्यात विचारतो. प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी. क्रम हाच का?

सरळकाठी:

फेस मोजणं, साफ करणं, भोकं कोरडी करणं, मधून बाहेर आवळणं, हे सगळं तेच. फरक मोठा एकच: तुमच्या इंजिनात कॅम ब्लॉकमध्ये आहे, त्यामुळे टायमिंग बेल्टची भानगडच नाही, पण आठ पुशरॉड आहेत. रॉकर शाफ्ट आधी सगळीकडून थोडा थोडा सैल करून काढा. पुशरॉड उचलताना अंगठ्याने गोल फिरवून सोडवा. सरळ ओढला तर तेलाच्या चिकट्याने खालचा टॅपेटही वर येतो आणि जागा सोडतो. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून, आकडे टाकून, त्याच क्रमाने खोचून ठेवा, कारण प्रत्येक रॉड आपल्या जागी झिजलेला असतो. टॉर्कचा आकडा आणि टॅपेटची फट पद्मिनीच्या मॅन्युअलमधलीच घ्या, ८०० ची नको.

घाटरस्ता:

हेड निघालं. पंख्याचा दोषही मिळाला, मोटर थेट तारांवर फिरते, स्विच मेलेला होता. आणला आहे.

मोजमाप: हेडवर लांबीच्या दिशेने २ आणि ३ च्या मध्ये ०.१० चं फीलर सरकतं, कर्णांवर ०.०५ अडकतं. ब्लॉकवर कुठेही ०.०५ जात नाही. काजळीची रेघ आहे, हेडवर नख किंचित अडकतं. ३ नंबरचा पिस्टन चकचकीत, बाकी काळे. कॅम सहज फिरतो. जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ठेवून घासलं तर चालेल का, की द्यावंच लागेल?

सरळकाठी:

द्या. काचेवर घासणं उंचवटे काढायला ठीक, ०.०५ च्या आसपासचं हेड त्याने सरळ करता येतं. तुमच्याकडे नख अडकतं आहे. तेवढं खोल हाताने काढायला गेलात तर कडा गोल होतील आणि मधला भाग तसाच राहील.

लेथवाल्याला तीन गोष्टी सांगा. व्हॉल्व्ह काढून द्या आणि आधी प्रेशर टेस्ट करायला लावा. ३ नंबरचा पिस्टन धुतला गेला आहे, म्हणजे पाणी तिथे शिरत होतं; ते गॅस्केटमधून, इनटेक मॅनिफोल्डकडून की व्हॉल्व्हच्या सीटांमधल्या चिरेतून, हे फेस मारण्याआधीच कळायला हवं. चीर निघाली तर फेस मारायचे पैसे वाचतील. दुसरं, कमीत कमी घ्या, रेघ आणि वाक जाईल इतकंच. ‘जरा जास्त मारतो, पिकअप वाढेल’ याला नकार द्या. कॉम्प्रेशन वाढून गाडी खटखटेल आणि पुढच्या वेळी घ्यायला धातू उरणार नाही. तिसरं, फेस आरशासारखा नको आणि नांगरल्यासारखाही नको. आडवं नख फिरवल्यावर कुठे अडकू नये.

परत आलं की त्याच सहा दिशांनी पुन्हा मोजा, दुकानदारासमोर. मग गरम पाण्यात भांड्यांची पावडर घालून हेड ब्रशने घासा, बोल्टची भोकं, पाण्याची भोकं, कॅमच्या ऑइलच्या वाटा, सगळीकडून. मशीनची भुकटी वाटांच्या कोपऱ्यांत ओल्या पिठासारखी बसलेली असते आणि नुसत्या हवेने निघत नाही. साफ धुवा, हवा मारा, कोरडं झाल्यावर कॅमच्या भोकांना लगेच ऑइल लावा, आणि गॅस्केट बसवेपर्यंत हेड वर्तमानपत्रावर पालथं ठेवू नका, कडेवर उभं करून ठेवा.